रस्त्याच्या जागी घरं: हातात अठ्ठावीस दिवस

दिव्याच्या खांबाला प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद बांधलेला असतो. बारीक अक्षर, वर कौन्सिलचं किंवा वाहतूक खात्याचं नाव, खाली नकाशा कुठे बघायला मिळेल त्याचा पत्ता. बहुतेक जण पार्किंगचं काहीतरी असेल असं समजून पुढे जातात. त्या कागदावर ‘स्टॉपिंग अप’ हे शब्द दिसले, तर थांबा आणि फोनवर त्याचा फोटो काढा. तुमच्या समोरचा रस्ता, गल्ली किंवा फुटपाथचा तुकडा कायमचा सार्वजनिक वापरातून काढून टाकण्याचा तो प्रस्ताव आहे. त्यावर बोलायला तुमच्याकडे २८ दिवस असतात.

इंग्लंडमध्ये एखादी जुनी कौन्सिल इस्टेट पाडून तिथे नवी घरं बांधायची ठरली, की इमारतींबरोबर रस्तेही जातात. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या वसाहतींची मांडणी वेगळी होती: मध्ये मोठे ठोकळे, भोवती गाड्यांसाठी वळणारे रस्ते, गॅरेजच्या रांगा, गवताचे पट्टे आणि त्यांतून जाणाऱ्या पायवाटा. नवा आराखडा करणारे वास्तुविशारद इमारती रस्त्याच्या कडेला आणतात, जुनी वळणं सरळ करतात. काल जिथून मुलं शाळेत जात होती, तिथे उद्या कुणाचं तरी स्वयंपाकघर येणार असतं. त्यासाठी आधी त्या जमिनीवरचा लोकांचा जाण्यायेण्याचा हक्क कायद्याने संपवावा लागतो.

हा लेख इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. ते ज्या ब्रेंटमध्ये आहे, त्याच बरोमध्ये साउथ किलबर्नच्या जुन्या वसाहतीची पुनर्बांधणी गेली कित्येक वर्षं टप्प्याटप्प्याने चालू आहे. अशा वसाहतींत आणि त्यांच्या आजूबाजूला आपले लोक राहतात; कुणी भाड्याने, कुणी लीजवर फ्लॅट घेऊन, कुणाचं कोपऱ्यावर दुकान आहे. अशी नोटीस लागली की त्यांच्यातले बरेच जण मनाशी म्हणतात, आपण व्हिसावर आलेले, आपण कशाला बोलायचं. कायद्यात मात्र हरकत ‘कोणतीही व्यक्ती’ घेऊ शकते असं स्पष्ट आहे. नागरिकत्व, मतदार यादीतलं नाव, घराची मालकी, यांतलं काहीही लागत नाही. तुम्ही त्या वाटेने जाता-येता, एवढं पुरे.

माझी भूमिका आधीच सांगून टाकते. मला ती घरं हवी आहेत. इंग्लंडमध्ये सामाजिक घरांच्या प्रतीक्षायादीवर सुमारे १३ लाख कुटुंबं आहेत, आणि एक लाखाहून जास्त कुटुंबं तात्पुरत्या निवाऱ्यात दिवस काढतायत. हॉस्टेलच्या एका खोलीत आई, दोन मुलं आणि सगळा संसार, अशी अवस्था वर्षानुवर्षं चालते. गॅरेजमागची कुठेही न जाणारी गल्ली देऊन तिथे घरं होणार असतील, तर ती द्यावी. मी पाहिलेल्या बहुतेक प्रस्तावांत रस्त्याचा जो भाग जातो त्याने कुणाचं काही अडत नाही. पण काही वेळा अडतं, आणि अडतं ते नेमकं काठी घेऊन चालणाऱ्या, बाबागाडी ढकलणाऱ्या आणि दुकान चालवणाऱ्या माणसांचं. त्यांनी वेळेत आणि नेमकं बोलावं, एवढ्यासाठी पुढचं सगळं लिहिते आहे.

परवानगी इमारतीची वेगळी, रस्त्याची वेगळी

सगळ्यात मोठी गफलत इथे होते. प्लॅनिंग परमिशन मिळाली म्हणजे रस्ता गेला, असं लोक धरून चालतात. तसं नसतं. इथल्या कायद्यात एक जुनं तत्त्व आहे: एकदा जो सार्वजनिक रस्ता झाला, तो कायम सार्वजनिक रस्ता. वापर कमी झाला म्हणून किंवा जमिनीच्या मालकाने ठरवलं म्हणून तो हक्क संपत नाही. तो संपवायला स्वतंत्र आदेश लागतो, त्याची स्वतंत्र नोटीस निघते आणि तिची मुदतही स्वतंत्र असते. प्लॅनिंगच्या वेळी तुम्ही पाठवलेलं पत्र रस्त्याच्या फायलीत आपोआप जात नाही. तेव्हा हरकत घेतली होती म्हणून आता स्वस्थ बसलात, तर तुमची हरकत नाही असंच धरलं जाईल.

रस्त्याची मालकीही समजून घ्यायला हवी. कौन्सिल ज्याची देखभाल करते त्या रस्त्याचा वरचा थर हायवे अथॉरिटीच्या ताब्यात असतो. किती खोल? न्यायालयांनी त्याचं माप फावड्याच्या पात्यात सांगितलं आहे: एक, फार तर दोन पाती. अर्थात रस्ता टिकवायला आणि दुरुस्त करायला लागेल तेवढी खोली त्यात येते. त्याखालची जमीन दुसऱ्या कुणाची असू शकते. रस्त्याचा दर्जा गेला की ती जमीन तिच्या मालकाकडे मोकळी होऊन जाते. कौन्सिल इस्टेटमध्ये हा मालक बहुधा कौन्सिलच असते. पण इस्टेटच्या सीमेवर तुमचं फ्रीहोल्ड घर असेल, तर उलट काही सिद्ध होत नाही तोवर समोरच्या रस्त्याच्या मध्यापर्यंतची जमीन तुमची, असं कायदा गृहीत धरू शकतो. लँड रजिस्ट्रीतून स्वतःच्या घराचा उतारा आणि नकाशा काही पौंडांत मिळतो. तो काढून ठेवा. विकासकाला तुमच्या दारापुढची पट्टी हवी असेल, तर हा कागद बोलणीच बदलून टाकतो.

नोटीस कोणत्या कलमाची आहे

नोटिशीच्या पहिल्या परिच्छेदात कायद्याचं नाव आणि कलम असतं. तिथूनच वाचायला सुरुवात करा, कारण कुणाला लिहायचं ते त्यावर ठरतं.

‘रोड क्लोज्ड’ अशी पाटी आणि त्याखाली १९८४ च्या रोड ट्रॅफिक रेग्युलेशन ॲक्टचा उल्लेख असेल, तर ते तात्पुरतं बंद आहे. बांधकाम, गॅसची पाइपलाइन, क्रेन अशा कारणांसाठी. गाड्यांच्या रस्त्यासाठी सर्वसाधारण कमाल मुदत १८ महिने, पायवाटेसाठी सहा महिने. त्यापुढे वाढवायचं तर मंत्र्यांची संमती लागते. रस्ता संपत नाही, काही काळ अडतो.

कायमचं बंद करण्याचा सगळ्यात नेहमीचा मार्ग म्हणजे १९९० च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्टचं कलम २४७. घरबांधणीसाठी बहुतेक वेळा हेच वापरतात. लंडनबाहेर हा आदेश वाहतूक मंत्री काढतात, आणि त्याचं काम न्यूकॅसलमधली नॅशनल ट्रान्सपोर्ट केसवर्क टीम बघते. लंडनमध्ये हा अधिकार बरो कौन्सिलकडे आहे. नुसती पायवाट किंवा घोड्यांची वाट असेल, तर कलम २५७ खाली स्थानिक नियोजन प्राधिकरण आदेश काढू शकतं. कलम २५१ दिसलं, तर जमीन नियोजनासाठी ताब्यात घेतली गेली आहे असं समजा. क्वचित १९८० च्या हायवेज ॲक्टचं कलम ११६ दिसेल. तिथे प्रकरण मॅजिस्ट्रेट कोर्टात जातं आणि प्रश्न असतो, हा रस्ता आता अनावश्यक आहे का. तिथे कसोटी निराळी असते, त्यामुळे पुढचा सल्ला मुख्यतः २४७ साठी आहे.

२४७ खाली नोटीस स्थानिक वर्तमानपत्रात आणि ‘लंडन गॅझेट’मध्ये छापावी लागते, आणि बंद होणाऱ्या भागाच्या टोकांना ठळक जागी लावावी लागते. स्थानिक वर्तमानपत्र हल्ली कुणाकडे येतं? म्हणून गॅझेटच्या संकेतस्थळावर आपला पोस्टकोड टाकून अधूनमधून बघत जा. फुकट आहे. आणखी एक जागा म्हणजे प्लॅनिंगच्या अर्जाची कागदपत्रं. त्यांत ट्रान्सपोर्ट असेसमेंट असतं, आणि पुष्कळदा स्टॉपिंग अपचा नकाशाही तिथेच जोडलेला असतो, म्हणजे नोटिशीच्या आधी कित्येक महिने. २०१३ पासून रस्त्याचा अर्ज प्लॅनिंगच्या अर्जाबरोबरच पुढे नेता येतो. अंतिम आदेश मात्र परवानगी मिळाल्यानंतरच निघतो. त्यामुळे दोन्ही नोटिसा एकदम खांबावर आल्या, तर गोंधळून जाऊ नका. दोन्हींना वेगळं उत्तर द्या.

खांबावर नोटीस लावायची ही पद्धत आपल्याला परकी नाही. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यातही सार्वजनिक रस्ता कायमचा बंद करायचा तर महापालिकेच्या सभेआधी किमान महिनाभर त्या रस्त्यावर आयुक्तांच्या सहीची नोटीस लावावी लागते आणि लेखी हरकती विचारात घ्याव्या लागतात. दादर-परळकडे आईवडिलांच्या चाळीचा पुनर्विकास चालला असेल, तर त्यांनाही हे कळवून ठेवा.

नकाशा जमिनीवर उतरवून बघा

नोटिशीबरोबरच्या नकाशावर जाणारा भाग पट्ट्यापट्ट्यांनी भरलेला असतो, आणि मजकुरात ईस्टिंग-नॉर्दिंगचे आकडे दिलेले असतात. घरी स्क्रीनवर ते नीट कळत नाही. नकाशा छापून घ्या आणि दिवसाउजेडी त्या जागी जा. पट्ट्यांचा भाग नेमका कुठल्या झाडापासून कुठल्या कुंपणापर्यंत आहे, ते पायी चालून बघा. उतारावरचा कर्ब कुठे आहे? बसथांब्याकडची वाट त्यात येते का? कचऱ्याची गाडी कुठून वळेल? अग्निशमनाची गाडी तुमच्या ब्लॉकच्या मागच्या बाजूला कशी पोचेल? मग नव्या आराखड्यात दाखवलेली पर्यायी वाट शोधा आणि तीही चालून बघा. निदान तिच्या जवळून जाता येईल तेवढं जा. दोन्ही वाटांना लागलेला वेळ लिहून ठेवा. घरातली वडीलधारी माणसं बरोबर असतील तर उत्तमच, कारण त्यांच्या चालीला लागणारा वेळ हाच खरा पुरावा असतो.

हे करताना एक गोष्ट पुष्कळदा लक्षात येते: नकाशावर पर्यायी वाट आहे, पण ती तिसऱ्या टप्प्यात होणार आहे, आणि जुनी वाट पहिल्याच टप्प्यात जाणार आहे. मधल्या तीन-चार वर्षांत लोकांनी कुठून जायचं, याचं उत्तर कागदपत्रांत नसतं. माझ्या मते अशा सगळ्या प्रकरणांतली ही सगळ्यात खरी आणि सगळ्यात दुर्लक्षित हरकत आहे. इमारती कशा दिसतील यावर लोक तासन्‌तास बोलतात, आणि मधल्या काळाचा विचार कुणी करत नाही.

कोणत्या गोष्टीला वजन आहे

कलम २४७ खाली निर्णय घेणाऱ्यापुढे दोन प्रश्न असतात. पहिला, मंजूर झालेली इमारत बांधण्यासाठी रस्त्याचा हा भाग बंद करणं आवश्यक आहे का. सोयीचं आहे का, हा प्रश्न तिथे नसतो. इमारतीची भिंत जिथे येते तिथला रस्ता जायलाच हवा हे उघड आहे. पण पट्टा भिंतीच्या पुढे आणखी पंधरा फूट का गेला आहे? तिथे फक्त झाडांच्या कुंड्या दाखवल्या आहेत का? कुंड्यांसाठी सार्वजनिक हक्क संपवण्याची गरज सिद्ध करणं विकासकाला अवघड जातं. तेवढा भाग वगळा, अशी मागणी अगदी रास्त असते.

दुसरा प्रश्न, आवश्यक असलं तरी आदेश काढावा का. इथे लोकांचं आणि शेजाऱ्यांचं होणारं नुकसान एका पारड्यात आणि फायदा दुसऱ्यात घालावा लागतो. व्हॅसिलिऊ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात अपील न्यायालयाने हे पक्कं केलं. एका हॉटेलवाल्याचं म्हणणं होतं की रस्ता बंद झाला तर येणारंजाणारं गिऱ्हाईक तुटेल आणि आपला धंदा बसेल. न्यायालयाने म्हटलं की या कलमाखाली अशा माणसाला भरपाईची तरतूद नाही, म्हणूनच आदेश काढताना त्याचं नुकसान विचारात घ्यायलाच हवं. दुकानदार वाचकांनी हे लक्षात ठेवावं. तुमच्याकडे गेल्या दोन-तीन वर्षांचे विक्रीचे हिशेब असतील, गिऱ्हाईक कोणत्या बाजूने येतं याची आठवडाभराची नोंद असेल, तर तीच तुमची हरकत.

इमारत फार उंच आहे, माझा उजेड जाईल, गर्दी वाढेल, कंत्राटदार बरा नाही, घरांचे भाव पडतील: हे सगळं इथे चालत नाही. ते प्लॅनिंगच्या टप्प्यावरचे मुद्दे, आणि तो टप्पा झाला की पुन्हा उघडत नाही. पार्किंगचा मुद्दा मांडता येतो, पण तो दुबळा आहे. रस्त्यावर गाडी उभी करायला मिळणं हा सहसा तुमचा हक्क नसतो. तुमच्या दाराशी किंवा गॅरेजशी पोचण्याचा मार्ग तुटत असेल, तर मात्र तो मुद्दा सगळ्यांत वर लिहा. वृद्ध, अपंग, गरोदर बाई किंवा लहान मुलांवर जास्त परिणाम होत असेल, तर २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टच्या कलम १४९ चा उल्लेख करा. सरकारी संस्थेला निर्णय घेताना अशा गटांचा विचार करणं त्या कलमाने बंधनकारक आहे.

पत्र कसं असावं, त्याचं एक उदाहरण देते. ‘या बंदमुळे आम्हा रहिवाशांची अतोनात गैरसोय होणार आहे, तरी आपण हा प्रस्ताव रद्द करावा’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असं लिहा: माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, वॉकर घेऊन चालतात आणि मधुमेहासाठी नियमित दवाखान्यात जातात. आमच्या ब्लॉकच्या दारापासून दवाखान्याकडे जाणारी सपाट वाट नकाशात अ ते ब अशी दाखवली आहे. तिला त्यांना आठ मिनिटं लागतात. पर्यायी वाटेवर सात पायऱ्या आहेत आणि रॅम्प दाखवलेला नाही. मुख्य रस्त्याने वळसा घातला, तर एकवीस मिनिटं लागतात आणि सिग्नल नसलेला चौक ओलांडावा लागतो. माझी हरकत आहे ती नवी सपाट वाट वापरासाठी खुली होण्याआधी जुनी बंद करायला. आदेशात तशी अट घातली, तर मी हरकत मागे घेईन.

या पत्रात माणूस आहे, अंतर आहे, नकाशातली खूण आहे आणि शेवटी उपाय आहे. आदेशात पर्यायी रस्ता करण्याची तरतूद घालता येते, असं कलम २४७ मध्येच म्हटलं आहे, त्यामुळे तुम्ही अशक्य काही मागत नाही. भाषा साधी इंग्रजी असली तरी पुरते. नोटिशीवरचा संदर्भ क्रमांक, तुमचं नाव, पत्ता आणि ‘मी हरकत घेत आहे’ हे स्पष्ट वाक्य विसरू नका. ईमेल पाठवा आणि पोच मागा. शेजाऱ्यांनी एकच छापील पत्र सह्या करून पाठवण्यापेक्षा तीन घरांनी आपापल्या वाटेबद्दल तीन वेगळी पत्रं लिहिली, तर ती जास्त कामाची.

पत्र गेल्यावर

आठवड्या-दोन आठवड्यांत विकासकाच्या सल्लागाराचा फोन किंवा ईमेल येण्याची शक्यता खूप असते. त्याचं कारण कायद्यात आहे. बाधित व्यक्तीची हरकत शिल्लक राहिली, तर सार्वजनिक चौकशी घ्यावी लागते. ती अनावश्यक आहे असं त्या प्रकरणातल्या विशेष परिस्थितीवरून ठरलं, तरच टळते. लंडनबाहेर हे मंत्री ठरवतात. लंडनमध्ये बरोला आलेल्या हरकती महापौरांना कळवाव्या लागतात आणि चौकशी टाळायची की नाही ते महापौर ठरवतात. या तरतुदीला फार महत्त्व आहे. इस्टेटच्या पुनर्बांधणीत जमीन कौन्सिलची, भागीदार कौन्सिल, परवानगी देणारी कौन्सिल आणि रस्ता बंद करणारीही कौन्सिल असं पुष्कळदा असतं. निदान या एका पायरीवर बाहेरचं कुणीतरी त्यात डोकावतं.

चौकशी म्हणजे विकासकाला काही महिन्यांचा उशीर. त्यामुळे बोलणी करायची तयारी त्यांच्याकडे असते, आणि तुम्हीही बोलायला जावं. शक्य असेल तर जागेवर भेटा, नकाशा हातात घेऊन. फोनवरच्या शब्दावर मात्र हरकत मागे घेऊ नका. ‘आम्ही तात्पुरता रॅम्प नक्की करू’ हे वाक्य सुधारित नकाशात, आदेशाच्या मसुद्यात किंवा कायद्याने बांधील अशा करारात आलं पाहिजे. वीज, पाणी, गॅस, टेलिफोनच्या कंपन्याही याच काळात आपल्या केबल आणि पाइपांसाठी हरकती घेतात आणि लेखी करार झाला की मागे घेतात. त्यांच्यासारखंच वागा.

उलट बाजूही सांगायला हवी. तुमची अडचण सुटली असेल आणि तरीही शेजाऱ्याच्या आग्रहाखातर किंवा कौन्सिलवरच्या रागापोटी हरकत धरून ठेवली असेल, तर त्या उशिराची किंमत तात्पुरत्या निवाऱ्यातल्या कुटुंबांना मोजावी लागते. मागितलेलं मिळालं, की दोन ओळींचं पत्र लिहून हरकत मागे घ्या.

चौकशी झालीच, तर घाबरू नका. निरीक्षक येतात, दोन्ही बाजू ऐकतात, जागा पाहतात. वकील लावावाच लागतो असं नाही. रोज त्या वाटेने जाणाऱ्या माणसाचं बोलणं ते नीट ऐकून घेतात. आदेश निघाल्यानंतर उच्च न्यायालयात जायला सहा आठवडे मिळतात, पण तिथे फक्त कायद्याची चूक दाखवता येते. निर्णय पटला नाही एवढं कारण पुरत नाही. त्या वाटेला लागण्यापूर्वी मात्र सॉलिसिटरशी बोला.

एक सूचना आणखी: आदेश निघायच्या आधीच कंत्राटदाराने रस्त्यावर पत्रे ठोकले असतील आणि तात्पुरत्या बंदचा आदेशही नसेल, तर तारीख दिसेल असा फोटो काढून कौन्सिलच्या हायवे विभागाला कळवा. परवानगीशिवाय सार्वजनिक रस्ता अडवणं हा हायवेज ॲक्टच्या कलम १३७ खाली गुन्हा आहे.

‘परवडणारी’ म्हणजे कुणाला

रस्ता द्यायचा तो कशासाठी, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे, पण ते विचारायची जागा आधीची: प्लॅनिंगचा अर्ज, आणि लंडनमध्ये त्याच्याही आधी रहिवाशांचं मतदान. ‘अफोर्डेबल’ या एका नावाखाली इथे निरनिराळी घरं येतात. सोशल रेंटचं भाडं सरकारी सूत्राने ठरतं आणि ते सगळ्यांत कमी असतं. अफोर्डेबल रेंट बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, आणि लंडनमध्ये बाजारभावाचे ८० टक्के म्हणजे नर्सला किंवा बस ड्रायव्हरला झेपणारी गोष्ट नव्हे. शेअर्ड ओनरशिपमध्ये घराचा काही हिस्सा विकत घ्यायचा आणि उरलेल्यावर भाडं भरायचं. त्यातही सर्व्हिस चार्ज वेगळा.

दक्षिण लंडनमधल्या एलिफंट अँड कॅसलजवळची हेगेट इस्टेट १९७४ मध्ये पूर्ण झाली. सुमारे १,२०० घरं होती. ती सगळी २०१४ पर्यंत पाडली गेली. तिच्या जागेवरच्या नव्या योजनेला मंजुरी मिळाली तेव्हा सुमारे अडीच हजार घरांत सोशल रेंटची घरं होती जेमतेम ऐंशी. घरांची संख्या दुपटीने वाढली आणि पूर्वीच्या भाडेकरूंना परवडेल असं घर जवळजवळ उरलं नाही. त्या प्रकरणानंतर लंडनमध्ये लोक जाहिरातीतल्या टक्केवारीपेक्षा सोशल रेंटचा आकडा विचारू लागले, आणि तुम्हीही तोच विचारा: पाडली जाणार सोशल रेंटची घरं किती, आणि परत येणार किती?

जुलै २०१८ पासून लंडनच्या महापौरांच्या निधीतून होणाऱ्या मोठ्या योजनांना, म्हणजे जिथे जुनी घरं पाडायची आहेत आणि १५० किंवा त्याहून जास्त नवी बांधायची आहेत तिथे, रहिवाशांचं मतदान घेणं सक्तीचं आहे. सामाजिक भाडेकरू आणि तिथेच राहणारे लीजहोल्डर यांना मत असतं. लीजवर घर घेतलेले आपले बरेच लोक ते घर भाड्याने देऊन दुसरीकडे राहतात. त्यांना हे मत मिळत नाही. मतदानाआधी प्रत्येक घरात ‘लँडलॉर्ड ऑफर’ नावाची पुस्तिका येते. तीत परत येण्याचा हक्क, भाडं, खोल्यांची संख्या, भरपाई हे सगळं लिहिलेलं असतं. रस्त्यांचा आणि वाटांचा आराखडा त्यात नसेल, तर सभेत मागा. त्या वेळी एक रेघ हलवणं सोपं असतं. स्टॉपिंग अपच्या टप्प्यावर तीच रेघ हलवायला चौकशी लागते.

नवा रस्ता कुणाचा

जुना रस्ता बंद होऊन नवा झाला, की तो सार्वजनिकच असेल असं समजू नका. नवीन रस्ता छान दगडी असतो, झाडं असतात, बाकं असतात, आणि तो खासगी असू शकतो. खासगी रस्त्यावरचे दिवे, झाडलोट, कॅमेरे, दुरुस्ती यांचा खर्च सर्व्हिस चार्जमधून रहिवाशांवर येतो, आणि कुठे बसायचं, कुठे मुलांनी चेंडू खेळायचा, याचे नियम व्यवस्थापन कंपनी ठरवते. कधीकधी रात्री फाटकही बंद होतं. लोकांनी वापरायचा असलेला रस्ता कौन्सिलने ‘अडॉप्ट’ करावा, म्हणजे हायवेज ॲक्टच्या कलम ३८ खाली करार करून देखभालीला घ्यावा, अशी मागणी प्लॅनिंगच्या वेळी करा आणि स्टॉपिंग अपच्या पत्रात तिची पुन्हा आठवण द्या.

काम संपल्यावर खातरजमा करण्याची सोपी सोय आहे. सार्वजनिक खर्चाने देखभाल होणाऱ्या रस्त्यांची यादी प्रत्येक हायवे अथॉरिटीला ठेवावी लागते, आणि ती कुणालाही फुकट बघता येते. कौन्सिलच्या कार्यालयात जाऊन किंवा संकेतस्थळावर नव्या रस्त्याचं नाव त्या यादीत शोधा. करार झाला तरी नाव लगेच चढत नाही. बांधकाम पूर्ण झाल्यावर सहसा वर्षभराचा देखभालीचा काळ असतो, तोवर विकासकच जबाबदार असतो, आणि मग अंतिम प्रमाणपत्र मिळतं. वर्ष उलटून गेलं आणि यादीत नाव नसेल, तर कलम ३८ चा करार झाला आहे का, झाला असेल तर अंतिम प्रमाणपत्र कुठे अडलं आहे, हे दोन प्रश्न हायवे विभागाला लेखी विचारा आणि त्याची प्रत आपल्या वॉर्डच्या कौन्सिलरला पाठवा.